बीपी लो आहे, असे कोण म्हणाले?

पहाटे नळाला पाणी येते. हंडा भरून उचलायला वाकलेली बाई सरळ होते आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. हात आपसूक भिंतीला जातो. घटकाभरात सगळे पुन्हा जागेवर. रांगेतली मावशी म्हणते, "बीपी लो झालं असंल गं तुझं." झाले निदान! घरी जाऊन लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, दुपारी दवाखान्यात एक सलाईन, त्यात पिवळ्या ‘ताकदीच्या’ औषधाची सुई. दोन दिवस बरे वाटते. तिसऱ्या दिवशी तोच हंडा आणि तीच भिंत.

संगमनेरमधल्या आपल्या वस्त्यांत ‘बीपी लो’ घरोघरी आहे, पण ते मोजलेले फार थोड्या घरांत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या पडवीत आम्ही एक टेबल मांडतो. आम्ही म्हणजे कोणी मोठे डॉक्टर नव्हेत. एक निवृत्त परिचारिका, औषधाच्या दुकानात उभे आयुष्य काढलेले एक काका, वस्तीची आशाताई आणि हे पान लिहिणारे. बीपीचे यंत्र, वजनकाटा आणि एक वही, एवढाच आमचा संसार. या टेबलाशी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य असे : "माझं बीपी लोच असतं, मोजू नका." आम्ही तरी मोजतो. बहुतेकींचा आकडा ठणठणीत निघतो. काहींचा तर वर गेलेला असतो, आणि त्याच बाया वर्षानुवर्षे ‘लो’ समजून मिठाचे पाणी पीत असतात. म्हणून या वेळचे पान याच विषयाला दिले आहे.

रक्तदाब कमी, की रक्त कमी?

मराठीत हे दोन शब्द इतके जवळ आहेत की घोटाळा होणारच. रक्तदाब म्हणजे रक्तवाहिन्यांतला दाब. नळाला दाब कमी असला की पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही. मेंदू हा आपला वरचा मजला. तिथे रक्त पोहोचायला उशीर झाला की अंधारी येते, गरगरते, क्वचित माणूस खाली कोसळतो.

‘रक्त कमी’ ही गोष्ट वेगळी. तिथे दाब ठीक असतो, रक्त वरपर्यंत जाते, पण त्यातले हिमोग्लोबिन कमी असते. शरीरभर प्राणवायू पोहोचवण्याचे काम हिमोग्लोबिनचे. रस्ता मोकळा आहे, टेम्पोही पळताहेत, पण टेम्पोत माल अर्धाच, असे समजा. मग चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, छाती धडधडते, पाय ओढत चालावे लागते आणि दुपारी चार वाजता वाटते की आता इथेच आडवे व्हावे. पहिल्या गोष्टीचे उत्तर यंत्राचा पट्टा देतो, दुसरीचे उत्तर रक्ताची तपासणी. पट्टा बांधून हिमोग्लोबिन कळत नाही आणि डोळ्याची पापणी खाली ओढून बीपी कळत नाही.

ढोबळमानाने १२० बाय ८० च्या आसपासचा दाब नेहमीचा आणि ९० बाय ६० च्या खालचा कमी, असे धरतात. पण नुसत्या आकड्याला घाबरायचे कारण नाही. किडकिडीत बांध्याच्या कित्येक तरुण मुलींचा दाब जन्मभर ९५ बाय ६० च्या आसपास असतो आणि त्यांना काही त्रास नसतो. उलट हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका त्यांना कमीच. गंमत अशी की जर्मनीत डॉक्टर कमी रक्तदाबाला रीतसर आजार समजून औषधे देत आले आणि शेजारच्या इंग्लंडमधले डॉक्टर त्यावर हसत आले. कमी रक्तदाबाने माणूस खरेच थकतो का, हा वाद १९९० च्या सुमारास त्यांच्या वैद्यकीय मासिकांत चांगलाच रंगला होता. आमचे मत विचाराल तर आकडा कमी पण त्रास काही नाही, तर तो आजार नव्हे. आकडा कमी आणि त्रासही आहे, तर कारण शोधायचे.

मोजण्याची पद्धतही महत्त्वाची. घाईघाईने आत येऊन, उभ्या-उभ्या, साडीच्या जाड बाहीवर पट्टा बांधून मोजलेला आकडा विसरा. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीवर. अर्धा तास आधी चहा आणि मशेरी नको. अजून एक गोष्ट आम्हाला आमच्या परिचारिका ताईंनी शिकवली : दंड बारीक आणि पट्टा मोठा असला की यंत्र दाब खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवते. आपल्या हडकुळ्या बायांना ‘लो’ ठरवण्यात या पट्ट्याचाही वाटा असणार.

सुपातली बीडी

संगमनेरात बीडीचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली पाने, दोऱ्याची गुंडी. हजारामागे मजुरी, म्हणून उठायचे कमीत कमी. आमच्याकडे आलेली एक ताई, वय चाळिशीच्या आतले, सकाळी भाकऱ्या करून बसते ती दुपारपर्यंत मांडी मोडत नाही. उठली की अंधारी. सात वर्षांपासून तिचे ‘बीपी लो’ होते. या सात वर्षांत तिला किती सलाईन लावल्या याचा हिशेब तिलाच सांगता येईना. एका खाजगी दवाखान्यात दर पंधरवड्याला जायची. तिथे बीपी मोजले की नाही हेही तिला आठवत नव्हते.

आम्ही बसवून मोजले : १०४ बाय ६६. उभे करून मोजले, फारसा फरक नाही. मग ताईंनी बाजूला नेऊन पाळीबद्दल विचारले. "आठ-नऊ दिस जातं, गाठी पडतात. सगळ्यांनाच जातं ना तसं?" नाही हो, सगळ्यांना जात नाही. घुलेवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७.४ निघाले. बाईला किमान १२ हवे, गरोदर बाईला ११, पुरुषाला १३. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. म्हणजे दर महिन्याला रक्त वाहून जात होते आणि आपण वरून मिठाचे पाणी ओतत होतो.

इथे सलाईनचा हिशेब मांडायलाच हवा, कारण यात आपले फार पैसे जातात. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचा चमचाभरही नाही. बाकी पाणी. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. दोन केळ्यांत साधारण तेवढीच मिळते. लोह दोन्हींत नसते. जुलाब-उलट्यांनी माणूस सुकला असेल, तोंडाने पाणी ठरत नसेल, तर सलाईन जीव वाचवते, यात शंका नाही. पण थकवा आला म्हणून लावलेली सलाईन म्हणजे शंभर पटीने महाग झालेले सरबत. दोन दिवस बरे वाटते ते का, हा प्रश्न रास्त आहे. थोडे पाणी शरीरात गेले, हे एक. दुसरे असे की त्या बाईला वर्षात पहिल्यांदा कोणीतरी दोन तास खाटेवर आडवे पडू दिले.

रक्त कमी असणे ही काही एका ताईची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळले. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे कमी व्हायचा तो वाढला.

औषध महाग नाही. सरकारी दवाखान्यात लोहाची गोळी फुकट मिळते, मोठ्या बायांना लाल, शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलींना निळी. पण ती डब्यात पडून राहते, कारण पोट जड होते, शौचाला काळे होते, मग भीती वाटते. काळे होणे हे गोळीतल्या लोहामुळेच होते, घाबरू नका. गोळी चहाबरोबर कधीही घेऊ नये. चहा लोह शोषू देत नाही. आधी-नंतर तास-दोन तास जाऊ द्यावेत. लिंबू पिळलेले पाणी किंवा आवळा सोबत असला तर चांगलेच. पोटात कळ येत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. हिमोग्लोबिन वर आले तरी डॉक्टर सांगतील तितके महिने, साधारण तीनेक, गोळी चालू ठेवायची, कारण अंगातला साठाही भरायचा असतो. जंताची गोळी विसरू नये.

खाण्यात काळीज, सुकट, अंडे यांतले लोह अंगी पटकन लागते. आपल्या घरांत हे पदार्थ परके नाहीत; पण वाटप बघा. मटणाच्या दिवशी काळजाचा तुकडा कोणाच्या ताटात पडतो? ज्या घरांनी मांसाहार सोडला आहे त्यांनी नाचणी, बाजरी, हरभऱ्याची पाने, राजगिरा, मोड आलेली कडधान्ये, वर लिंबू, असे रोज ठेवावे, आणि बी-१२ हे जीवनसत्त्व तपासून घ्यावे. ते वनस्पतींत नसते. दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. ते कमी पडले की थकव्याबरोबर हातापायांना मुंग्या येतात.

विदर्भातून आपल्याकडे सून आली असेल किंवा आपले मूळ तिकडचे असेल तर आणखी एक तपासणी करावी. सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांत बऱ्याच प्रमाणात आढळतो. त्यातही रक्त कमी होते, सांधे ठणकतात, कावीळ झाल्यासारखे डोळे पिवळे दिसतात. अशा रुग्णाने तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेत राहू नये. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

त्या ताईंना डॉक्टरांनी रक्तस्राव आटोक्यात आणणाऱ्या गोळ्या आणि लोह दिले. पिशवी काढायची घाई केली नाही, हे विशेष लिहितो. आपल्या बायांना ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला फार लवकर मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचे काय झाले ते २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत वाचले आहे.

उभे राहिले की होते

आता खऱ्या ‘लो’कडे येऊ. आपण आडवे असतो तेव्हा रक्त सगळीकडे सारखे पसरलेले असते. उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. मानेतल्या आणि छातीतल्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारे चौकीदार आहेत. ते लगेच निरोप पाठवतात, हृदय थोडे जलद धावते, पायांतल्या वाहिन्या आवळतात आणि दाब सावरतो. हे सगळे चुळबूळही न जाणवता होते. काही जणांत ही यंत्रणा ढिली पडते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो खरा, उभे राहण्याने होणारा कमी रक्तदाब. बसवून मोजला तर हा सापडतच नाही! म्हणून आडवे झोपवून पाच मिनिटांनी एकदा, उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी, असे तीनदा मोजावे लागते.

दुसरा एक प्रकार आहे, त्यात दाब उतरत नाही पण नाडी पळत सुटते. उभे राहिल्यावर दहा मिनिटांत ठोके ३० ने वाढले (कुमारवयीन मुलांमुलींत ४० ने), सोबत गरगरणे, डोके हलके होणे, आणि हे महिनोन्‌महिने चालू, तर त्याची दखल घ्यायची.

आमच्या वस्तीतली वीस वर्षांची एक मुलगी. दीड वर्षापूर्वी तिला डेंग्यूचा ताप आला. ताप गेला, पण मुलगी पहिल्यासारखी झालीच नाही. एसटीत उभे राहता येईना. कॉलेजला एक दिवस गेली की दोन दिवस अंथरुणात. दहा तास झोपून उठली तरी न झोपल्यासारखी. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागे. घरच्यांनी आधी लाड केले, मग टोमणे सुरू झाले. एका दवाखान्यात सांगितले, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत, लग्न करून टाका." बापाने मनावर घेतले. स्थळ बघायला सुरुवातही झाली होती.

टेबलाशी तिला चटईवर झोपवून मोजले : ११० बाय ७०, नाडी ७८. मग भिंतीपासून थोडे दूर दहा मिनिटे उभे केले, परिचारिका ताई धरायला शेजारी. दाब जवळजवळ तेवढाच, पण नाडी १२२. तिचे पाय जांभळट पडले होते, ओठ सुकले होते. बाप शेजारी उभा राहून हे सगळे पाहत होता. तो काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून ‘नखरे’ हा शब्द त्या घरात ऐकू आला नाही. पुढे नाशिकच्या एका डॉक्टरांनी नीट तपासून निदान केले.

दीर्घकाळचा थकवा आणि उभे राहण्याचा हा त्रास यांचे नाते आहे, हे डॉक्टरांच्या लक्षात यायलाही वेळ लागला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर रोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली असे थकलेले २३ रुग्ण एका फळीवर बांधून, फळी तिरकी उभी करून तपासले. २३ पैकी २२ जणांचा दाब बिघडला. निरोगी १४ जणांत असे फक्त चौघांचे झाले. सगळीकडे आनंदीआनंद : थकव्याचे मूळ सापडले! पण शास्त्र असे एका उडीत पुढे जात नाही. त्याच गटाने शंभर रुग्णांवर शरीरात मीठ धरून ठेवणारे औषध वापरून पाहिले, आणि २००१ मध्ये प्रामाणिकपणे जाहीर केले की खोट्या गोळीपेक्षा त्याचा काही जास्त उपयोग झाला नाही. मतलब इतकाच की दाबाचा बिघाड या थकव्याच्या सोबत चालतो, पण दाब वर आणला की थकवा गेला, असे होत नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेने या आजाराची ओळख ठरवून दिली. सहा महिन्यांहून जास्त काळ इतका थकवा की पूर्वीची कामे जमत नाहीत. थोडे कष्ट केले की दुसऱ्या दिवशी सारे अंग कोसळते. झोपेने ताजेपणा येत नाही. आणि याच्या जोडीला एकतर डोके चालेनासे होते किंवा उभे राहिले की त्रास वाढतो. तापानंतर, करोनानंतर हे अनेकांना झाले. यात रक्ताचा कुठला एक अहवाल ‘वाईट’ येत नाही. म्हणून रुग्णाला खोटे पाडणे सोपे जाते. पूर्वी डॉक्टर सांगत, रोज थोडा-थोडा व्यायाम वाढवा. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये तो सल्ला मागे घेतला, कारण कित्येकांचे दुखणे त्याने वाढले. आता सांगतात की अंगातली ताकद पगारासारखी पुरवून वापरा. बरे वाटले म्हणून एका दिवसात सगळा उडवू नका.

वस्तीत हे बोलायला सोपे, करायला कठीण. त्या मुलीच्या घरी नळाचे पाणी आता भाऊ भरतो. ती भाकरी बसून थापते, कपडे एका दिवशी सगळे धूत नाही. पाणी दिवसभर पीत राहते, मीठ किती वाढवायचे ते डॉक्टरांनी ठरवून दिले आहे, पोटऱ्यांना घट्ट मोजे घालते, व्यायाम आडवे पडून करते. कॉलेजात तिला पुढच्या बाकावर बसून उत्तरे द्यायला परवानगी मिळाली. पूर्ण बरी झाली असे आम्ही म्हणणार नाही. यंदा दुसऱ्या वर्षाचे पेपर तिने दिले. लग्नाचे स्थळ तूर्त थांबले आहे.

आजोबा रात्री पडतात ते

म्हाताऱ्या माणसांचे कारण बहुधा डब्यातच असते, गोळ्यांच्या डब्यात. बीपीची गोळी, लघवी साफ होण्याची गोळी, झोपेची गोळी. वर संध्याकाळी ‘थोडी’ घेतलेली असेल तर विचारायलाच नको. रात्री लघवीला उठायचे, तीन पावले टाकायची आणि धाडकन पडायचे. खुबा मोडला की घर बसते. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. सगळा डबा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि उभे करून बीपी मोजा असे स्पष्ट सांगा. मधुमेह जुना असेल तर नसाच ढिल्या पडलेल्या असतात, तेव्हा जास्त जपा. उठताना आधी खाटेच्या काठावर मिनिटभर बसावे, पावले वर-खाली हलवावीत, मग उभे राहावे.

सगळे अहवाल चांगले, तरी जीव थकलेला

आता ज्याबद्दल बोलायला आम्हालाही जड जाते ते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायांची पाहणी केली. २००५ मध्ये ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. शंभरातल्या बारा बाया सहा महिन्यांहून जास्त काळ थकलेल्या होत्या. सगळ्यांना वाटले होते की हे रक्त कमी असल्याने असणार. पण हिमोग्लोबिनशी या थकव्याचा संबंध जुळला नाही. संबंध जुळला तो कमी शिक्षणाशी, घरात अन्न नसण्याशी, नवऱ्याने केलेल्या लैंगिक जबरदस्तीशी आणि मनावरच्या ओझ्याशी.

याचा अर्थ रक्त तपासू नका असा नाही. तपासायचेच. पण हिमोग्लोबिन १२.५ आले, थायरॉईड ठीक, साखर ठीक, म्हणून बाईला ‘तुला काही झालेले नाही’ म्हणून घरी पाठवू नका. आमच्या टेबलाशी एक वहिनी तीनदा आली. तिन्ही वेळा आकडे चांगले. तिसऱ्या वेळी गर्दी ओसरल्यावर बचतगटाच्या नावाने काढलेल्या तीन कर्जांचे हप्ते, नवऱ्याची दारू, रात्रीची मारहाण, हे सगळे एका दमात सांगून टाकले. तिला झोपच नव्हती, तर थकवा जाणार कुठून? अशा वेळी मोजायचे यंत्र बाजूला ठेवून ऐकायचे असते. तिच्या संमतीने पुढची मदत शोधली. त्याबद्दल इथे जास्त लिहिणे बरे नाही. १८१ हा महिला मदत क्रमांक आणि मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक, दोन्ही फुकट आहेत, एवढे मात्र प्रत्येक घरात लिहून ठेवा.

बाईच्या विश्रांतीचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेबांनी हेच मांडले होते, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामकरी बाईला विश्रांती मिळणे यात देशाचे हित आहे. गिरणीतल्या बाईसाठी तो कायदा झाला. घरात सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईची सुट्टी अजून तिच्या घरच्यांच्याच हातात आहे.

रांगेत, मिरवणुकीत

एप्रिलच्या उन्हात जयंतीची मिरवणूक, ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीची लांबच लांब रांग. दरवर्षी कोणी ना कोणी भोवळ येऊन पडते. उपाशीपोटी, कमी पाण्यावर, तासन्‌तास एकाच जागी उभे राहणे हे त्याचे कारण. जाताना खाऊन निघा, बाटली सोबत ठेवा, लघवीची सोय नाही म्हणून पाणी तोडू नका. उभे असताना टाचा वर-खाली करा, पोटऱ्या आवळा. गरगरायला लागले तर लाज न बाळगता खाली बसा. कोणी पडलेच तर त्याला उठवून बसवू नका. आडवेच ठेवा, पाय पिशवीवर किंवा कोणाच्या मांडीवर उंच करा, गळ्याचे बटण सैल करा, वारा येऊ द्या. शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवण्याचा काही उपयोग नाही.

छातीत दुखणे, दम लागणे, काळी डांबरासारखी शौच (लोहाची गोळी चालू नसताना), पाळीत तासाला कपडा बदलावा लागणे, गरोदरपणात चक्कर, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, पडल्यावर मिनिटभरात शुद्ध न येणे, यांत घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन लावा. आणि थकव्याबरोबर वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप, खोकला असेल तर क्षयाची तपासणी करा. क्षय कधी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतही बसतो. मग दाब खरोखरच उतरतो, कातडी काळवंडते, मीठ खावेसे वाटते. हे क्वचित होते, पण होते.

मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल शेवटचे. जुलाब झाले, ऊन लागले, तर ते उत्तमच. पण ‘लो’ समजून रोज पिण्याआधी एकदा मोजा. ज्यांचे बीपी खरे तर वाढलेले आहे त्यांनाही चक्कर येते, आणि मीठ त्यांच्यासाठी विष आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तरी तेच.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळे मोफत आहे. घुलेवाडीला जाताना जुने कागद, गोळ्यांची पाकिटे आणि पाळीच्या तारखा लिहिलेला कागद सोबत न्या. "अशक्तपणा आहे" एवढेच सांगू नका. कधीपासून, उभे राहिल्यावर की चढताना, विश्रांतीने जातो की नाही, पाळी किती दिवस, हे सांगा. आणि हिमोग्लोबिनचा आकडा तोंडी नको, कागदावर लिहून मागा.

बीडीवाल्या ताईंचे हिमोग्लोबिन चार महिन्यांत १०.८ वर आले आहे. मागच्या रविवारी टेबलाशी आल्या, हात पुढे केला आणि सवयीने म्हणाल्या, "लो असंल बघा." यंत्राने ११२ बाय ७० दाखवले. त्यांनी आकडा वाचला, मग स्वतःच वहीत आपल्या नावापुढे लिहिला.